चार नंबरचा रस्सा

ओटेवाल्याची अन्नावरची वासना उडाली ती काही एका दिवसात नाही. आधी तो ताटलीत चार घास मागे ठेवायला लागला, मग अर्धी ताटली, आणि शेवटी पाकीट पुढे आलं की भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. जातीचा गवंडी, सिमेंटच्या गोणी खांद्यावर टाकून जिने चढलेला माणूस. आता त्याची मनगटं बघवत नव्हती. पोटात गाठ निघाली. गाठ काढता येण्यासारखी आहे, असं डॉक्टर म्हणाले, अगदी हसून म्हणाले, पण त्या हसण्याला शेपूट होतं.

"ह्या अंगावर मी सुरी चालवली तर पेशंट टेबलावरच जाईल, बाई. आधी खाऊ घाला त्यांना. अंग धरू द्या. महिन्याभराने घेऊन या, मग काढून टाकू."

"काय खाऊ घालू?" बायकोने विचारलं.

"काहीही. जे घशाखाली उतरेल ते."

काहीही म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? तिने दुकानातल्या तयार जेवणाच्या पाकिटांचे झाडून सगळे नंबर आणून पाहिले. एक, दोन, पाच, आजाऱ्यांसाठी असतो तो अकरा. त्याने एकेक चमचा तोंडात घेतला आणि रुमालात काढून ठेवला. मग एका सकाळी तो आपण होऊन बोलला, आणि गेल्या कित्येक दिवसांत त्याने आपण होऊन काही मागितलं नव्हतं.

"अगं, तुझ्या हातचा रस्सा कर. बटाट्याचा. तो खाईन मी."

"म्हणजे चार नंबरच की. परवाच आणला होता, तुम्ही तोंड लावलं नाहीत."

"चार नंबर नको. तुझ्या हातचा म्हणतोय मी."

आता गंमत बघा, जगात चार नंबर जर कुणाच्या हातचा असेल, तर तो ह्याच बाईच्या. पंचवीस वर्षांपूर्वी ती सरकारी छापखान्याच्या उपाहारगृहात स्वयंपाक करायची. हाताला चव अशी, की छपाईवाले जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच हातावरची शाई पुसत दाराशी घुटमळायचे. उकळत्या पातेल्यावर नुसतं नाक नेऊन ती सांगायची, मीठ कमी पडलंय. मीठबाई हे नाव तिला तिथेच चिकटलं, आणि पुढे नवराही चारचौघांत तेच म्हणायला लागला. बटाट्याचा रस्सा हा तर तिचा हातखंडा. साहेब लोक घरून आणलेले डबे शिपायांना देऊन टाकायचे आणि स्वतः रश्श्याच्या रांगेत उभे राहायचे.

त्या रांगेत एक दिवस पाकिटातलं जेवण काढणाऱ्या एका कंपनीची माणसं येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी तिला घेऊनच गेली. पांढऱ्या फरशीची खोली, चकचकीत शेगड्या, आणि तिने रोज तोच रस्सा करायचा. मीठ टाकायला चिमूट उचलली की एक तरणी पोरगी म्हणायची, "मावशी, थांबा," आणि ती चिमूट काट्यावर सोडायला लावायची. कांदा किती तांबूस झाला ते रंगांच्या पट्ट्या धरून बघायचे. घरी येऊन ती नवऱ्याला सांगायची, "अहो, माझी चिमूट तोलतात, सोनं तोलावं तशी." तिला फार बरं वाटायचं, आणि का वाटू नये? बायका जन्मभर रांधतात, त्याला काटा लावायला कोण येतो? मग पाकिटं निघाली. त्यांच्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता, कारण कंपनीचा तो चौथा पदार्थ. पहिलं पाकीट तिने घरी आणून सगळ्या गल्लीला दाखवलं.

पुढे रांधायला यंत्रं आली, आणि मीठबाईला ठेवली ती चाखायला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मजा आहे बाई तुझी, फुकट खायचं आणि वर पगार. मजा कसली डोंबलाची. कपाटाएवढी खोली, त्यात लाल दिवा, कारण पदार्थाचा रंग दिसला तर जीभ फसते. समोर दोन वाट्या. डावीकडे नमुना, उजवीकडे आजचा घाणा. कोमट पाण्याने तोंड खळखळून धुवायचं, नमुना चाखायचा, पुन्हा तोंड धुवायचं, आजचा चाखायचा. दोन्ही सारखे लागले तर हिरवं बटण, नाही तर लाल. चांगला लागतो का, हे तिला कुणी कधी विचारलं नाही. सारखा की वेगळा, तेवढंच सांगायचं.

आणि जीभ जपायची. कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही, चहा नाही, वासाचा साबणसुद्धा नाही. रात्री खाल्लेला लसूण सकाळी जिभेवर ठाण मांडून बसलेला असतो, म्हणून घरीही तोच नियम. मग घरी रांधायचं कसं? चाखल्याशिवाय रांधणारी बाई आणि बघितल्याशिवाय गाडी हाकणारा माणूस एकाच माळेचे मणी. "थोडे दिवस पाकिटं खाऊ," ती नवऱ्याला म्हणाली. तो म्हणाला, "खाऊ की. तुझंच तर आहे." थोडे दिवस म्हणता म्हणता लेक शाळेतून निघून नोकरीला लागली.

अर्थात तिला एकटीला बोल लावून उपयोग नाही. साऱ्या मुलखानेच चूल विझवली. घरोघरी मातीच्या चुली असं आपण म्हणत आलो, पण आता चुलीच नाहीत तर म्हणायचं काय? सुरुवातीला लोक निदान लाजायचे. पाकीट पिशवीच्या तळाशी घालून आणायचे, पाहुण्यांपुढे ठेवताना पातेल्यात ओतून वर हिरवं काहीतरी भुरभुरायचे. मग लाज गेली, आणि तिच्यामागून पातेलंही गेलं. संध्याकाळी जिना चढताना कुणाकडे काय शिजतंय ते नाकाला कळायचं, ते थांबलं. जिन्याला आता फक्त फिनेलचा वास. बायका एकमेकींना "आज काय केलंस?" म्हणायच्या, त्याऐवजी "आज कितवा?" म्हणू लागल्या. एका घरात चार माणसं चार वेगवेगळे नंबर खाऊ लागली, ज्याचं त्याचं पाकीट गरम होऊन यंत्र वाजलं की ज्याने त्याने उठून खावं. भाजीबाजाराच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. शाळांनी घरचा डबा बंद केला, घरी काय घालतात त्याची हमी कोण देणार म्हणून. नव्या इमारतींत तर स्वयंपाकघर काढणंच सोडलं. भिंतीत एक कोनाडा, त्यात यंत्र, झालं घर.

ह्यात खरा भरडला गेला तो ओटेवाला. त्याचं सगळं आयुष्य स्वयंपाकघरातले ओटे बांधण्यात गेलेलं. ओटा बांधायच्या आधी तो घरातल्या बाईला भिंतीशी उभी करायचा आणि तिच्या कोपरापासून उंची धरायचा. सासू ताडमाड आणि सून बुटकी निघाली की दोघींचं भांडण आधी मिटवायचा, मग मधलं माप काढायचा. "माझ्या ओट्यावर कुणाची कंबर दुखत नाही," ही त्याची एकुलती एक फुशारकी. मग बांधायची कामं थांबली आणि फोडायची आली. आपण बांधलेले ओटे तो आपणच फोडायला जायचा. परक्याने फोडला तर भिंतीला तडा जातो, असं म्हणायचा. घरी येऊन हातपाय धुऊन पाकीट खायचा आणि आडवा व्हायचा. स्वतःच्या घरातला ओटा मात्र त्याने फोडला नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. त्यावर इस्त्रीचे कपडे आणि औषधांच्या बाटल्या ठेवायचे.

तर असा माणूस म्हणाला, तुझ्या हातचा खाईन. मीठबाईने कारखान्यात रजा टाकली आणि बाह्या सरसावल्या. बटाट्याचा रस्सा म्हणजे काय मोठी लढाई आहे का, असं तिला वाटलं. डोळे मिटून करायची ती.

लेक भेटायला आली होती, तिने कपाळाला हात लावला. "आई, तुला कांदे मिळणार कुठे? आणि घरात जाळ करणार तू? बाबा असे आजारी असताना?"

"जाळ नाही गं, फोडणी."

"ती काय असते ते मला आठवतही नाही. बाबांना बरं वाटण्याशी मतलब आहे ना? मी मऊ पाकिटं आणलीत बघ, लहान मुलांची." बोलता बोलता पोरीचे डोळे भरून आले. वाईट नव्हती ती. तिच्या घरात कोनाडा होता आणि तिने आयुष्यात कधी कांदा चिरला नव्हता, एवढंच.

कांदे आणि बटाटे शेवटी बी-बियाण्यांच्या दुकानात मिळाले. दुकानदाराने विचारलं, "किती जागेत लावणार?" मीठबाई म्हणाली, "पोटात." त्याला ते कळलं नाही. शेगडी डोंगर चढणाऱ्यांच्या दुकानातून आणली, चिमणीएवढी. जुनं पातेलं माळ्यावर होतं, त्यात नवऱ्याने खिळे भरून ठेवले होते. ते उपसून, घासून, तिने ओट्यावर मांडलं. ओट्यावरच्या बाटल्या बाजूला केल्या तेव्हा खाटेवरून तो टक लावून बघत होता. घर केवढं ते, खोली आणि तिच्यातच ओटा.

तेलात कांदा पडला आणि सगळ्या जिन्याला खबर लागली. वरच्या मजल्यावरची शेजारीण बादलीभर पाणी घेऊन दारात.

"काकू, कशाचा वास येतोय? काय जळतंय?"

"जळत नाही, परततेय मी."

"कुणाला?"

खाटेवरचा माणूस हसला. खरंच हसला, पोट धरून, गाठीचं पोट. मग म्हणाला, "जरा उशी लावून दे गं मागे." उठून बसला आणि वास घेत राहिला. त्याला कुठकुठल्या गोष्टी आठवायला लागल्या: पावसात गळणाऱ्या त्या पहिल्या खोलीत तिने केलेला रस्सा, लेक झाली तेव्हा त्याने स्वतः केलेला नि करपवलेला रस्सा. शेजारीण बादली खाली ठेवून ऐकत उभी राहिली. मीठबाईची छाती भरून आली. माणूस वाचतोय, तिला वाटलं. कांद्याच्या नुसत्या वासावर उठून बसलाय, खाईल तेव्हा काय होईल.

रस्सा उकळला. तिने कोमट पाण्याने तोंड खळखळून धुतलं, चमच्याच्या टोकावर थेंब घेऊन जिभेवर ठेवला, डोळे मिटले. काहीतरी कमी होतं. किंचित साखर टाकली. पुन्हा तोंड धुतलं. मीठ जास्त वाटलं, पाणी वाढवलं. आंबटपणाला धार होती, ती मारली. कांदा फार बोलत होता, त्याला आणखी शिजवून गप्प केला. असं करत करत एका क्षणी जीभ म्हणाली, बरोबर. तिने ताटली भरली.

त्याने पहिला घास घेतला. दुसरा घेतला नाही. ताटली खाली ठेवली, आणि अशा आवाजात बोलला की तिने तो आवाज एवढ्या वर्षांत ऐकला नव्हता.

"पाकीट कधी फोडलंस?"

"काय?"

"कांद्याचा धूर करायचा, आणि खाली चार नंबर ओतायचा. मला फसवायचं होतं तर सरळ फसवायचं. असं उठून तरी बसवायचं नाही."

"अहो, देवाशपथ. हे बघा." तिने सालं आणून त्याच्या पांघरुणावर ठेवली. बटाट्याची, कांद्याची. तो ती बोटांनी चिवडत राहिला. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा राग उतरला, आणि राग उतरल्यावर उरलं ते फार वाईट होतं. उशी काढून तो आडवा झाला. शेजारणीने बादली उचलली आणि निघून गेली.

मीठबाईने उरलेला रस्सा चाखला. चार नंबर. डावीकडची वाटी आणि उजवीकडची वाटी. लाल दिव्याखाली असती तर तिने डोळे झाकून हिरवं बटण दाबलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली, कामाला नाही, विचारायला. तिची चिमूट तोलणारी ती तरणी पोरगी आता तिथली मोठी मॅडम झाली होती, पण मीठबाईला बघून उठून उभी राहायची.

"मला पहिला नमुना पाहिजे," मीठबाई म्हणाली. "मी रांधलेला. मला एकदा चाखू दे, म्हणजे माझ्या जिभेला आठवेल."

"मावशी, तो कुठून असणार? नमुना गोठवला तरी वर्षभरच टिकतो. मग चालू घाण्यांतला सगळ्यात जवळचा निवडून तो नवा नमुना म्हणून ठेवतो आम्ही."

"जवळचा. म्हणजे थोडा वेगळा."

"अगदी केसभर."

"आणि मला तो केस कळला नाही?"

"कळायचा की. तुम्ही लाल बटण दाबायचात. मग आम्ही तो आणखी थोडा जवळ आणायचो, पुन्हा तुमच्यापुढे ठेवायचो, आणि तुम्ही हिरवं दाबलंत की मगच नमुना बदलायचो. दर वर्षी. तुमच्यासारखी जीभ आमच्याकडे दुसरी नाही, मावशी. तुम्ही हो म्हटल्याशिवाय आम्ही काहीच बदललं नाही." हे ती कौतुकाने सांगत होती. तिने चहासुद्धा मागवला, आणि मग जीभ चावून परत पाठवला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दर वर्षी एक केस, आणि प्रत्येक केसावर मीठबाईचं हिरवं बटण. तेल बदललं, कांदा कमी झाला, साखर आली, आणि सगळा मुलूख तिच्या जिभेमागून मेंढरासारखा चालत गेला. तिला आता नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं कळेना. बसस्टॉपवर ती बराच वेळ बसून राहिली. समोरच्या बाकावर एक बाई पोराला पाकिटातून भरवत होती, आणि ते पोर मिटक्या मारत होतं. तिला त्या बाईच्या हातातलं पाकीट हिसकावून घ्यावंसं वाटलं. पण देणार काय होती ती त्याला?

घरी येताना तिला एक गोष्ट सुचली. जीभ बाटली असेल, पण हात? हाताला तर कुणी लाल-हिरवं शिकवलं नव्हतं. जीभ मधे आली नाही, तर हात आपलं आपण करील. मिठाची गुळणी धरून बसणं म्हणतात, तशी तिने साध्या पाण्याची गुळणी धरली, तोंडभर, म्हणजे चाखायचा मोहच नको. आणि तशीच ओट्यापाशी उभी राहिली. तिच्याच कोपराच्या मापाचा ओटा, वाकावं लागत नाही की हात उचलावा लागत नाही. हाताने कांदा चिरला. हाताने मीठ टाकलं. तिने बघितलं नाही, विचार केला नाही. खाटेवरून तो म्हणाला, "आज घरात बरीच शांतता आहे," आणि तिला हसू येऊन थोडं पाणी सांडलं.

ह्या वेळी त्याने उशी मागितली नाही. ती गुळणी टाकून चमचा घेऊन गेली, त्याने तोंड उघडलं, गिळलं. मग म्हणाला, "अगं, हेच."

"खरं?"

"हेच गं. हेच ते. आण इकडे." त्याने वाटी तिच्या हातून ओढून घेतली. वाटी संपवली, दुसरी मागितली, पावाने वाटी पुसून काढली. त्याच्या कपाळावर घाम आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो खात होता. पातेल्याच्या तळाशी चमचाभर उरला, तो तिने हौसेने तोंडात टाकला.

जिभेने लाल बटण दाबलं. खारट, उग्र, तिखटाचा भडका, आणि कांदा घशात काट्यासारखा. ती मोरीकडे वळली आणि त्याला दिसणार नाही असं थुंकली. जे अन्न एके काळी साहेब लोक रांगेत उभे राहून खायचे, ते ती स्वतः गिळू शकली नाही. पण त्या संध्याकाळी तिला त्याचं काही वाटलं नाही. मरो ती जीभ. माणूस जेवला होता. तिने पातेलं घासून लख्ख केलं, लेकीला फोन केला, आणि लेक फोनवर रडली.

दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून वाट बघत होता. तिने तेच केलं. तेच कांदे, तीच गुळणी, तोच ओटा. त्याने एक घास घेतला आणि मान हलवली.

"हे नव्हे."

"काय कमी आहे?"

"ते कसं सांगू? कालचं नाही, एवढंच कळतं."

तिने पुन्हा केला. संध्याकाळी पुन्हा. मीठ कमी करून, वाढवून, कांदा जास्त परतून, कमी परतून. हात आता घाबरला होता, आणि घाबरलेला हात काय आठवणार? प्रत्येक वेळी ती स्वतः चाखून बघायची, आणि प्रत्येक वेळी जीभ लाल. पण त्याने वाटी पुसून खाल्लेलाही लालच होता. चुकलेले सगळे रस्से तिच्या जिभेला सारखेच चुकलेले लागत होते. त्यातला एक बरोबर होता आणि तिच्या घशाखाली जवळजवळ जाऊन आला होता, तरी तो कुठला, कसा, हे तिला ओळखता येत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. "तुम्ही माझी जीभ व्हा," ती त्याला म्हणाली. "मी एकेक टाकत जाते, तुम्ही सांगा." तो खाटेवर बसून चाखत राहिला. हे नव्हे. हे नव्हे. हे नव्हे गं. बिचारा आधी हळहळून म्हणायचा, मग सवयीने, मग नुसती मान. एका दुपारी तिने चमचा जमिनीवर आपटला आणि त्याच्यावर ओरडली, "मग काय आहे ते तरी सांगा एकदा," आणि लगेच खाली बसून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. हाताला वजन नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलेला महिना संपत आला. चमचाभर चाखून माणूस अंग धरत नाही. त्याचं पांघरूण सपाट दिसायला लागलं, खाली कुणी झोपलंय की नाही असं. लेक रोज येऊन त्याच्या उशाशी बसायची आणि आईकडे बघायची नाही. शेवटी लागवडीचे दिवस सरले आणि बियाण्यांच्या दुकानातले कांदे-बटाटेही संपले. दुकानदार म्हणाला, आता पुढच्या हंगामात या.

त्या दिवशी मीठबाई रिकाम्या हाताने घरी आली. तो तिच्याकडे बघत होता. तो उपाशी आहे, आणि तिच्याकडे त्याला द्यायला काही नाही, एवढंच तिला दिसत होतं. तिने शेगडी पेटवली. पातेलं ठेवलं. मग त्याच्याकडे पाठ करून, फळीवरचं चार नंबरचं पाकीट काढलं आणि पातेल्यात ओतलं. आपण काय करतोय ते तिला पुरतं कळत होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती की वाटी भरतानाही तिला मान वर करवली नाही.

त्याने घास घेतला. तो गिळायला त्याला बराच वेळ लागला.

"हेच," तो म्हणाला.

तिने मान वर केली.

"हेच गं. जमलं बघ तुला." तो हसायचा प्रयत्न करत होता. पहिल्या दिवशी ज्या माणसाने एका घासात चार नंबर ओळखला होता, तो हा माणूस. खोली केवढीशी, आणि खाट ओट्याच्या समोर. पाठ केली म्हणून काय झाकलं जातं? त्याने सगळं बघितलं होतं. आणि तिला कळलं, की त्याला आता तो रस्सा नको आहे. रस्सा नको, डॉक्टर नको, काहीच नको. तिने रोज ओट्यापाशी उभं राहून हरायचं, ते त्याला बघवत नव्हतं, म्हणून त्याने मागणंच सोडून दिलं होतं. तिला त्याला गदागदा हलवून सांगावंसं वाटलं की खोटं बोलू नका, भांडा माझ्याशी, हे नव्हे म्हणा. पण तसं म्हटलं असतं तर त्याच्याजवळ द्यायला उरलेली ती एवढीशी गोष्टही तिने हिसकावून घेतल्यासारखं झालं असतं.

"उद्या पण असाच कर," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी पुन्हा तोंड उघडलं.

"करते," ती म्हणाली. तिने पुढचा चमचा भरला, फुंकर घालून निववला आणि त्याच्या तोंडापाशी धरला.